शालीचे पैसे कुणी द्यायचे?

ताई, नमस्कार.

आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. घरात मी, नवरा, आठवीतला मुलगा आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. वय एकाहत्तर. मुरबाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं गुरुजी होते. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे आले. अप्पा लहान मुलांसाठी कविता लिहितात. २०११, २०१६ आणि २०२१ साली तीन पुस्तकं त्यांनी पदरच्या पैशांनी छापली, प्रत्येकी पाचशे प्रती. बऱ्याचशा आमच्या दिवाणाखाली आहेत. दर दिवाळीला मी खोकी बाहेर काढते, पुसते आणि परत आत सरकवते.

गेल्या महिन्यात दिल्लीच्या एका संस्थेचं पत्र त्यांना व्हॉट्सॲपवर आलं. राष्ट्रीय बालसाहित्याचं कसलंसं 'रत्न' म्हणून निवड झाली आहे, १४ नोव्हेंबरला दिल्लीत सोहळा आहे. पत्राच्या डोक्यावर सिंहांची मुद्रा. खाली 'सहयोग राशी' १८,५०० रुपये, त्यात शाल, सन्मानचिन्ह, प्रमाणपत्र आणि एक वेळचं जेवण. सोबत येणाऱ्याचे ३,००० वेगळे. नोंदणीचे २,१०० अप्पांनी कुणाला न विचारता भरूनही टाकले. (पैसे त्यांच्या पेन्शनचे आहेत.)

सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी स्वतःच बातमी टाकली. अभिनंदनाचा पाऊस पडला. सेक्रेटरी गेटवर बॅनर लावणार म्हणतात. अप्पांना दारावरची पाटी बदलायची आहे. नवरा म्हणतो, "जाऊ दे ना, म्हातारपणी खूश होतायत." मी एकदाच म्हटलं की हे सगळं खोटं वाटतं, तर अप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुला साहित्यातलं काय कळतं?"

हे खरं की खोटं? खोटं असेल तर त्यांना सांगायचं कसं? आणि सरकारचा खरा पुरस्कार असतो, तो कसा मिळतो?

— एक सून, पाचपाखाडी

सूनबाई,

नाव लिहिलं नाहीत, म्हणून सूनबाईच म्हणते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण त्यात डोकं खाजवण्यासारखं काही नाही. ज्याचा सत्कार करायचा त्याच्याच खिशातून शालीचे पैसे काढणारा पुरस्कार राष्ट्रीय नसतो. मात्र 'फसवणूक' हा शब्द मी जरा जपून वापरीन. ही मंडळी बहुधा पैसे घेऊन पळत नाहीत. शाल देतात, चिन्ह देतात, पुरी-भाजीही वाढतात. हे दुकान आहे, फक्त पाटी देवळाची लावली आहे.

हे दुकान मला आतून ठाऊक आहे, कारण एकदा मी तिथली गिऱ्हाईक होते. मुलांच्या एका दिवाळी अंकाचं संपादन मी काही वर्षं करत होते. २००९ साली असंच एक पत्र आलं, नाव भारदस्त, रक्कम पाच हजार. मी भरली. घरात खोटं सांगितलं की प्रवासखर्च आहे. हॉलमध्ये पोचले तर माझ्यासारखे चाळीसेक 'मानकरी' रांगेत उभे, रेशनच्या दुकानात उभे राहावेत तसे. नाव पुकारलं ते चुकीचं. शाल खांद्यावर पडली, फोटो निघाला, मी विंगेत आले. तिथे उभ्या मुलाने "मॅडम, शाल" म्हणत हात पुढे केला. मला वाटलं, घडी घालून पिशवीत देतोय. ती शाल माझ्या डोळ्यांदेखत दोन माणसं सोडून तिसऱ्याच्या खांद्यावर गेली.

सन्मानचिन्ह मी घरी आणून शोकेसमध्ये ठेवलं. त्यानंतर जो येई तो एकच विचारी, "वा! कशाबद्दल मिळालं?" आणि मला उत्तर देता येत नसे. पुस्तक नाही, अंक नाही, लेख नाही. कशाबद्दल, ते देणाऱ्यांनाच माहीत नव्हतं. दोन वर्षांनी रंगकाम निघालं तेव्हा ते माळ्यावर गेलं, अजून तिथेच आहे. तेव्हा अप्पांना हसायचा मला हक्क नाही. तुम्हीही हसू नका.

आता त्या सिंहांकडे बघा. राजमुद्रा ही सरकारची. खासगी संस्थेला ती स्वतःच्या पत्रावर छापता येत नाही. त्यासाठी २००५ चा खास कायदा आहे, आणि राष्ट्रीय चिन्हं व नावं यांच्या गैरवापराबद्दलचा त्याआधीचा १९५० चा. अशा पत्रांवर कधी सिंह जसेच्या तसे असतात, कधी थोडे बदललेले, म्हणजे विचारलं तर 'हे आमचं बोधचिन्ह' म्हणायला मोकळे. मुद्रेखाली 'सत्यमेव जयते' आहे का, तेही बघून ठेवा. आणखी एक ओळ पत्रात हमखास असेल, 'नीती आयोग नोंदणीकृत' किंवा तसंच काही. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर कुठलीही स्वयंसेवी संस्था आपली नोंद करून क्रमांक घेऊ शकते. त्याचा अर्थ एवढाच की संस्था अस्तित्वात आहे. तिच्या पुरस्कारावर सरकारने शिक्का मारला, असा नव्हे.

पाटीचंही सांगते. अप्पांना आत्ता मिळणारं 'रत्न' जाऊ द्या, उद्या खरोखर पद्मश्री मिळाली तरी ती दारावर नावाआधी लावता येत नाही. आपल्या संविधानाच्या १८ व्या अनुच्छेदाने किताब बंद केले. पद्म सन्मान हे किताब नव्हेत म्हणून ते चालतात, पण नावाच्या पुढे-मागे लावले तर काढून घेता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केलं. आपल्याकडे हे कुणी पाळत नाही, ते सोडा. पण 'गुरुजी' ही पाटी मुरबाडच्या चौतीस वर्षांनी दिलेली आहे. ती कुणी काढून घेऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न खरा अवघड आहे, आणि इथे मी तुमच्याशी थोडं कडू बोलणार आहे.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात खोक्यांचा हिशेब आहे, प्रतींचा आहे, राशीचा आहे, सोबत्याच्या तीन हजारांचाही आहे. अप्पांच्या कवितेची एक ओळ नाही. तिन्ही पुस्तकांची नावंसुद्धा नाहीत. "तुला साहित्यातलं काय कळतं?" हे तुम्हाला लागलं, लागणारच. मला त्यात अपमानापेक्षा तक्रार ऐकू आली. तीन पुस्तकं ज्या घरात दिवाणाखाली आहेत त्या घरातला माणूस दुसरं काय म्हणेल? दिल्लीच्या त्या संस्थेने 'आपण थोर बालसाहित्यिक आहात' असं लिहिलं, खोटं का होईना. घरात ते कुणी खरंखोटं काहीच म्हटलं नव्हतं. दुकानदाराला गिऱ्हाईक नेमकं इथे सापडतं.

तुम्हाला दोष देत नाहीये. नोकरी असेल, मुलाची आठवी, वर म्हाताऱ्या माणसाचं पथ्यपाणी. शिवाय ती खोकी दर दिवाळीला पुसणाऱ्या घरात तुम्हीच एकट्या असाल, अशी माझी पैज आहे. "जाऊ दे ना" म्हणणाऱ्याने शेवटचं खोकं कधी उचललं ते विचारा एकदा.

तर आज संध्याकाळी तिन्हींची एकेक प्रत बाहेर काढा आणि वाचा. मनातल्या मनात नको, बालकविता मोठ्याने वाचायची असते. मुलाला समोर बसवा. आठवीतला आहे, तोंड वाकडं करील, करू दे. ज्या कवितेला तो मोबाइल खाली ठेवील तिच्यावर पेन्सिलीने खूण करा. जी वाचताना तुमची जीभ अडखळली, यमकासाठी शब्द ओढूनताणून आणलाय असं वाटलं, तिच्यावरही करा. मग अप्पांपुढे बसा आणि दोन्ही खुणा दाखवा. "छान आहेत हो कविता" म्हणू नका, त्यावरून कुणी वाचलं की नाही ते कळत नाही. "या चौथ्या कडव्यात ताल तुटतोय" म्हटलं की कळतं. अप्पा वाद घालतील. घालू देत. दोन दिवसांचा अबोला मोडायला वादासारखं औषध नाही.

दिल्लीचा विषय या बैठकीत काढायचा नाही. एक-दोन दिवस जाऊ द्या.

मग त्यांना सांगा, "अप्पा, तुम्ही चौतीस वर्षं पेपर तपासलेत. या संस्थेचाही तपासा." फोन त्यांनीच करायचा, तुम्ही किंवा मुलाने नाही. तीन गोष्टी विचारायच्या. माझं कुठलं पुस्तक निवडलंत? त्यातली कुठली कविता तुम्हाला आवडली? आणि परीक्षक कोण होते? एवढंच. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. पलीकडून काय येईल ते मी आत्ताच लिहून ठेवते: "सरजी, आपका संपूर्ण योगदान देखकर कमिटी ने निर्णय लिया है, बस आज शाम तक राशि भेज दीजिए।" पुस्तकाचं नाव येणार नाही, कारण त्यांनी ते पाहिलेलं नाही. फोन ठेवल्यावर तुम्ही काही बोलू नका. कोरा पेपर हातात आल्यावर काय करायचं ते गुरुजींना तुम्ही-आम्ही शिकवायचं नसतं.

आणि समजा, एवढं होऊनही ते म्हणाले की मला जायचंच आहे? तर जाऊ द्यायचं. कंसात लिहिलंत तेच खरं आहे, पैसे त्यांच्या पेन्शनचे आहेत. एकाहत्तराव्या वर्षी माणसाला स्वतःच्या पैशाने चूक करायची मुभा हवी. नवऱ्याला सोबत पाठवा (तीन हजार त्याचे), दिल्लीत नोव्हेंबरात हवा वाईट असते, दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मात्र माझा अंदाज आहे, त्या फोननंतर ते जाणार नाहीत.

मग सोसायटीचं काय? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण अप्पांच्या पोटात गोळा असेल तो याचाच. ग्रुपवर स्वतः टाकलेली बातमी परत कशी घ्यायची! 'प्रकृतीच्या कारणास्तव' हे सोपं आहे, पण करू नका. उद्या कुणी फळं घेऊन येईल आणि पंधरा दिवस आजारी असल्याचं नाटक करावं लागेल. अप्पांनी दोन ओळी लिहाव्यात, त्यांच्याच शब्दांत: चौकशी केली, पुरस्कारासाठी माझ्याकडून पैसे मागतायत असं कळलं, म्हणून नाकारतो आहे. एवढंच लिहा म्हणावं, खाली उपदेश नको. त्याच ग्रुपवर आणखी दोघं-तिघं असे निघतील ज्यांना 'समाजभूषण'चं पत्र आलेलं आहे. ते अप्पांना गुपचूप फोन करतील, बघा. बॅनर सेक्रेटरींनी छापायला टाकला असेल तर लगेच थांबवा. आपल्या ठाण्यात बॅनर लागायला कारण लागत नाही, पण उतरवायला कुणी येत नाही.

आता खऱ्या पुरस्कारांबद्दल. हे अप्पांनाच वाचायला द्या.

बालसाहित्यासाठी देशपातळीवरचा ज्याला खरोखर राष्ट्रीय म्हणता येईल असा सन्मान म्हणजे साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार. अकादमी १९५४ ची, पण मुलांच्या पुस्तकांसाठी वेगळा पुरस्कार काढायला तिला २०१० साल उजाडलं. छप्पन्न वर्षं! यावरून आपल्याकडे बालसाहित्याचं पान कुठल्या पंक्तीत मांडतात ते दिसतं. अकादमी २४ भाषांना मान्यता देते, प्रत्येक भाषेत वर्षाला एक पुरस्कार. पन्नास हजार रुपये आणि एक ताम्रफलक. पैसे अकादमी देते, घेत नाही. प्रत्येक भाषेसाठी तीन परीक्षक असतात, त्यांचं एकमत किंवा बहुमत होतं आणि अकादमीचं कार्यकारी मंडळ नाव जाहीर करतं. निकालासोबत परीक्षकांची नावंही छापून येतात. म्हणजे अप्पांचा तिसरा प्रश्न इथे विचारावाच लागत नाही.

मराठीतला पहिला मान २०१० साली अनिल अवचटांना मिळाला, पुढच्या वर्षी दिलीप प्रभावळकरांना. एक शिक्षणाने डॉक्टर, दुसरे नट. २०१४ साली माधुरी पुरंदरे, ज्या लिहितातही आणि चित्रंही काढतात. २०१९ साली कोल्हापूरकडचे सलीम मुल्ला, हे वनखात्यात नोकरी करणारे. २०२३ साली एकनाथ आव्हाड, हे मुंबई महापालिकेच्या शाळेत शिकवणारे. आणि २०२५ साली नांदेडच्या सुरेश सावंतांना मिळाला तो बालकवितांच्या संग्रहासाठी. गुरुजींनी ही शेवटची दोन नावं वाचून थोडं जळावं आणि थोडं हुरूप यावा, एवढ्यासाठी मुद्दाम सांगितली.

२०१८ चं नाव मात्र ठाण्याच्या माणसाने घाईने ओलांडू नये. रत्नाकर मतकरी. त्यांना तो एकूण बालसाहित्यातल्या कामासाठी मिळाला. मुलांच्या नाटकांसाठी 'बालनाट्य' ही संस्था त्यांनी १९६२ साली काढली. मोठ्यांसाठीही त्यांनी उदंड लिहिलं. पण उतारवयात ते आपल्या ठाण्यात येऊन काय करत होते? वस्त्यांमधल्या मुलांना त्यांच्याच रोजच्या जगण्यावर नाटुकली लिहायला आणि करायला लावत होते. 'वंचितांचा रंगमंच' म्हणून. समता विचार प्रसारक संस्था त्यात होती. त्या मुलांनी मतकरींना शाल घातली की नाही मला ठाऊक नाही. नाटकं केली, हे ठाऊक आहे.

नियमांतला अप्पांच्या कामाचा एक भाग असा. पुरस्काराचं वर्ष आणि त्याच्या आधीचं एक वर्ष सोडून त्यामागच्या पाच वर्षांत पहिल्यांदा प्रसिद्ध झालेली पुस्तकं धरतात. २०२५ च्या पुरस्कारासाठी १ जानेवारी २०१९ ते ३१ डिसेंबर २०२३ असा काळ होता. याच हिशेबाने अप्पांचं २०२१ चं पुस्तक २०२७ च्या पुरस्कारापर्यंत मुदतीत बसतं. २०११ आणि २०१६ ची दोन्ही बाद. एकूण कामगिरीसाठी पूर्वी मराठीत बऱ्याच जणांना मिळाला, पण २०१९ पासून दर वर्षी एखाद्या पुस्तकालाच मिळत आला आहे. अलीकडे अकादमी जाहिरात देऊन पुस्तकं मागवते, लेखकाला स्वतःलाही पाठवता येतं. बारीकसारीक अटींसाठी दिल्लीला फोन करायची गरज नाही. अकादमीचं मुंबईतलं कार्यालय दादर पूर्वेला आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या रस्त्यावर. गर्दी ओसरल्यावर ठाण्याहून सुटणारी स्लो पकडा, बसायला जागा मिळते. अप्पांनी पिशवीत पुस्तक टाकून स्वतः जावं आणि विचारून यावं. नातवाला सोबत न्यावं.

राज्य सरकारचे पुरस्कार वेगळे. यशवंतराव चव्हाण यांच्या नावाने दर वर्षी वाङ्मय पुरस्कार दिले जातात, त्यात बालवाङ्मयाचे विभाग आहेत. तिथे त्या त्या वर्षीच छापलेलं पुस्तक लागतं, त्यामुळे अप्पांचं जुनं काही चालणार नाही. नवं काढलं तर त्याच वर्षी पाठवायचं. मुलांच्या कवितेसाठीचा तिथला पुरस्कार बालकवींच्या नावाने आहे. गंमत बघा, बालकवी ठोमरे लहान वयातले कवी, लहानांचे कवी नव्हेत. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि अध्यक्षस्थानी असलेल्या डॉक्टर कान्होबा कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. ना शाल, ना राशी. शंभर वर्षं उलटून गेली तरी त्र्यंबक बापूजी ठोमरे हे नाव आपल्याला जरा आठवावं लागतं आणि 'बालकवी' आठवावं लागत नाही. ठोमरे अठ्ठाविसाव्या वर्षी रेल्वेखाली गेले, त्यांना हे काहीच पाहायला मिळालं नाही.

टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाचा 'बिग लिटल बुक अवॉर्ड' हाही खणखणीत आहे. दर वर्षी एक भारतीय भाषा घेतात. पहिल्याच वर्षी, २०१६ साली, मराठी होती आणि लेखनासाठी माधुरी पुरंदरेंनाच मिळाला.

पद्म सन्मानाचं नामांकन सरकारी पोर्टलवर फुकट करता येतं, कुणालाही, अगदी स्वतःचंसुद्धा. अप्पांनी ते करावं असं मी म्हणत नाही. पण मुलांसाठी काम करणाऱ्यांना तो मिळतो कधीकधी. भंगारातून विज्ञानाची खेळणी करणारे पुण्याचे अरविंद गुप्ता यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. आणि २०२१ साली चित्रकार शंकर यांना. कोण शंकर, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. आपल्या 'चांदोबा'तलं विक्रम आणि वेताळाचं चित्र आठवतं ना? खांद्यावर प्रेत टाकून तलवार उपसून चाललेला राजा. ते चित्र काढणारे हे शंकर. अप्पा, तुम्ही आणि मी, सगळे त्या वेताळाला घाबरत वाढलो आणि चित्राखालची सही कुणी वाचली नाही. पद्मश्री जाहीर झाली तेव्हा ते हयात नव्हते. चारच महिन्यांपूर्वी गेले होते, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी.

आता माझं स्पष्ट मत. अप्पांना अकादमीचा पुरस्कार मिळेल का? बहुधा नाही. मराठीत वर्षाला एक, आणि मुलांसाठी चांगलं लिहिणारी माणसं कितीतरी. कविता मी वाचलेल्या नाहीत, तेव्हा त्या चांगल्या की वाईट, यावर बोलत नाही. पाठवायचं ते पुस्तक तीन परीक्षकांपर्यंत जावं म्हणून. दुकानाने ते उघडलंसुद्धा नव्हतं.

दिवाणाखालच्या प्रतींचं मात्र आधी काहीतरी करा. पुस्तकाला आयएसबीएन क्रमांक आहे का बघा. नसेल तर पुढच्या पुस्तकाला घ्यायचा, केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची यंत्रणा तो विनामूल्य देते. त्याचेही पैसे सांगणारे दलाल आहेत, त्यांना देऊ नका. दुसरं, १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते, तीस दिवसांत. अप्पा स्वतःच प्रकाशक, म्हणजे ही जबाबदारी त्यांची. उशीर झालाय, तरी पाठवा. कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आपलं पुस्तक आहे, हे ग्रुपवर टाकण्यासारखं वाक्य आहे आणि ते खरं असेल.

आणि आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय! १८९३ सालचं, ठाण्याचा अभिमान म्हणून आपण सांगतो आणि आत पाऊल टाकत नाही. तिथे तिन्ही पुस्तकांच्या प्रती द्या. उरलेल्या मुरबाडच्या शाळांत. पोस्टाने नव्हे, अप्पांनी स्वतः जाऊन, एका वर्गात अर्धा तास कविता म्हणून दाखवून. त्या साडेअठरा हजारांत मुरबाडच्या अशा कितीतरी फेऱ्या होतील, एसटी तर ज्येष्ठांना अर्ध्या तिकिटात नेते. उरलेल्या पैशांत एखाद्या चित्रकाराला पुढच्या पुस्तकासाठी मानधन द्या. मुलांच्या पुस्तकात चित्रं हवीत, आणि चित्रकाराचं नाव आत बारीक अक्षरात नको, मुखपृष्ठावर हवं. शंकर यांचं ऐकलंत ना!

राहिले ते २,१०० रुपये. एकदा लेखी परत मागा. नाही मिळणार, विसरून जा. मात्र त्या लोकांना बँकेचा तपशील किंवा ओटीपी दिला असेल, किंवा फोन करून धमकावायला लागले, तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा. दिल्लीचं तिकीट काढलं असेल तर लवकर रद्द करा, जितका उशीर तितकं जास्त कापतात.

२०२१ चं पुस्तक मलाही पाठवा, अप्पांची सही घेऊन. तुम्हाला आवडलेल्या कवितेच्या पानाचा कोपरा दुमडा आणि जिथे जीभ अडखळली त्या पानाचाही. कुठला कोपरा कशासाठी, ते मात्र लिहू नका. मला ओळखता येतं का बघू.

— ताई